अक्षर तेच, रूप निराळे

गेल्या दिवाळीपूर्वी आमच्या पेढीचे दरपत्रक मुलाने आपल्या मॅकवर तयार केले. तेथे अक्षरे भरदार दिसत होती. तीच फाईल दुकानातील विंडोजच्या संगणकावर उघडली, तेव्हा वयोवृद्ध वडिलांनी विचारले, “अरे, अक्षर इतके किरटे कसे झाले? आणि शेवटची ओळ कुठे गेली?” ‘दर जीएसटी वगळून’ ही ती ओळ दुसऱ्या पानावर गेली होती, आणि पहिलेच पान काही गिऱ्हाइकांना पोहोचलेही होते. वडिलांनी मुलाच्या निष्काळजीपणाला बोल लावला, मुलाने जुन्या संगणकाला. दोन दिवस घरात अबोला होता.

पहाटे फिरताना तंत्रज्ञानविषयक पॉडकास्ट ऐकण्याचा मला छंद आहे. २०१३ पासून चालत आलेल्या ‘अ‍ॅक्सिडेंटल टेक पॉडकास्ट’मधील तिघांच्या लांबलचक गप्पा मला विशेष आवडतात. क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीच्या मुळाशी जाण्याची गोडी अशा श्रवणानेच लागली. त्याच गोडीने या अक्षरांचाही शोध घेतला.

पडदा म्हणजे ठिपक्यांची चौकट. अक्षरांची वळणे तीत तंतोतंत बसत नाहीत. अशा वेळी विंडोजचा कल रेघ ठिपक्यांवर नेमकी बसवण्याकडे असतो. अक्षर रेखीव, पण काहीसे बारीक दिसते. अ‍ॅपल मूळ आकार जपते. अक्षर किंचित जाड आणि मऊ वाटते. आपल्या शिरोरेषेला तर हे फारच जाणवते. ती ठिपक्यांच्या दोन ओळींच्या मध्ये आली, की करडी आणि पुसट होते. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये जाहीर केलेल्या ‘क्लिअरटाइप’ने ठिपक्यातील लाल, हिरवा व निळा हे भाग स्वतंत्रपणे वापरून कडा सुबक केल्या. अ‍ॅपलने मात्र २०१८ च्या ‘मोजावे’पासून अशी युक्ती सोडली; दाट ठिपक्यांच्या पडद्यांना तिची फारशी गरज उरली नव्हती.

ओळ सरकण्याचे कारण मात्र निराळे होते. मुलाने वापरलेला मॅकवरील ‘कोहिनूर देवनागरी’ हा फाँट दुकानातील संगणकावर नव्हता. विंडोजने त्याऐवजी स्वतःचा फाँट योजला. प्रत्येक फाँटमध्ये अक्षरांची रुंदी वेगळी असते, म्हणून मजकूर वाढला आणि ओळ पुढे गेली.

यावर उपाय सोपा आहे. दरपत्रक, पावती वा निमंत्रणपत्रिका पाठवताना फाँट अंतर्भूत केलेली पीडीएफ करावी. म्हणजे ओळी हलत नाहीत. रेघांच्या जाडीत थोडा फरक राहील, तो सोसावा. शिवाय ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत ना, हेही पाहून घ्यावे. काही फाँट हिंदी वळण दाखवतात.

आता आमचे दरपत्रक प्रथम वडिलांच्या पडद्यावर उघडते. ते शेवटची ओळ मोठ्याने वाचतात, मुलगा मान डोलावतो, आणि मगच ते गिऱ्हाइकांकडे जाते.