प्रोसेसर बदलावा की संगणक? हिशेब यंत्रमागाचाच!

विशेष प्रतिनिधी, सोलापूर

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील यंत्रमागधारकांना एक प्रश्न वर्षानुवर्षे सतावत आला आहे. जुन्या मागाला नवे भाग जोडून तो चालवावा, की मोडीत काढून धोटाविरहित माग आणावा? चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या या शहरात आता तोच प्रश्न गेमिंग संगणकाच्या निमित्ताने घरात येऊन पोहोचला आहे. संगणक पाच-सात वर्षांचा झाला, नवे गेम अडखळू लागले आणि मुलाने नव्या प्रोसेसरची मागणी केली, की पालकांनी नेमके काय करावे?

हा प्रश्न आताच तीव्र होण्यास दोन कारणे आहेत. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०'चे नियमित साहाय्य थांबवले. 'विंडोज ११'साठी साधारणतः इंटेलची आठवी पिढी अथवा एएमडीची रायझन २००० मालिका किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सातव्या पिढीचे धडधाकट संगणकही एका फटक्यात कालबाह्य ठरले. दुसरे कारण रॅमच्या भाववाढीचे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडून मागणी वाढल्याने २०२५च्या उत्तरार्धात रॅमचे दर भडकले. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५मध्ये ग्राहकांसाठीचा आपला 'क्रुशियल' व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली. थोडक्यात, जुना संगणक टाकावा तर नवा महाग, अशी ही कोंडी आहे.

दोष नेमका कुठे?

ताणा वेळेवर भरून मिळत नसेल, तर मागाचा वेग वाढवून कापड अधिक निघत नाही. संगणकाचेही तसेच आहे. गेम सुरू असताना ग्राफिक्स कार्ड जवळजवळ पूर्ण क्षमतेने राबत असेल, तर प्रोसेसर बदलून फारसा लाभ होणार नाही. उलट कार्ड निम्मे-अधिक मोकळे असेल आणि चित्राचे रिझोल्यूशन कमी करूनही वेग वाढत नसेल, तर प्रोसेसर थकला, असे मानण्यास हरकत नाही. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल, तर सेकंदाला ६०हून अधिक चित्रे तो दाखवूच शकत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

खरेदीपूर्वी आणखी एक तपासणी करावी. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्यात धूळ आणि सुताचे तंतू पंख्यात अडकले, की तापलेला प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. अशा वेळी साफसफाई आणि थर्मल पेस्टचा नवा थर एवढ्यावर काम भागू शकते. गेम उघडण्यासच वेळ लागत असेल, तर जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवणे हा स्वस्त उपाय ठरतो.

एक बदल, तीन खर्च

प्रोसेसर सुटा बदलता येईल का, हे मदरबोर्डवर अवलंबून असते. एएमडीच्या 'एएम४' बोर्डांचे मालक येथे सुदैवी ठरतात. २०१७मधील अनेक बोर्डांवर बायोस अद्ययावत केल्यास रायझन ५००० मालिकेतील प्रोसेसर चालतो. इंटेलने मात्र २०१७मध्येच आठवी पिढी आणताना सॉकेटचे नाव तेच ठेवून बोर्ड बदलायला लावला. एएमडीच्या २०२२मधील 'एएम५'ला डीडीआर५ रॅमच लागते. म्हणजे प्रोसेसरसोबत बोर्ड आणि रॅम, असा तिहेरी खर्च. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचे काही बोर्ड जुनी डीडीआर४ रॅम स्वीकारतात. सध्याच्या महागाईत हा मधला मार्ग विचारात घेण्याजोगा आहे. मात्र तेराव्या-चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये अस्थिरतेचा दोष आढळल्याने इंटेलने २०२४मध्ये त्यांची हमी दोन वर्षांनी वाढवली होती. ते वापरलेले घेताना हमीची खात्री केलेली बरी.

केंद्र सरकारच्या २०१७मधील 'पॉवरटेक्स इंडिया' योजनेत साध्या यंत्रमागांना, धागा तुटताच माग थांबवणाऱ्या यंत्रणेसारखे भाग बसवण्यासाठी अनुदान होते. माग तोच, पण कापडातील दोष कमी, हा त्यामागील विचार. मात्र साध्या मागाला कितीही भाग जोडले तरी तो आधुनिक धोटाविरहित मागाचा वेग गाठत नाही, हेही तितकेच खरे.

संगणकाबाबत निर्णय याच कसोटीवर घ्यावा. आहे त्याच बोर्डावर आणि त्याच रॅमवर नवा प्रोसेसर बसत असेल आणि दोष प्रोसेसरचाच असेल, तर खुशाल बदलावा. तीनही भाग बदलावे लागणार असतील, तर त्याला दुरुस्ती न म्हणता नवी खरेदी म्हणावे आणि रॅमचे दर पाहून तिची वेळ ठरवावी. जुन्या संगणकावर अर्धवट खर्च करून वर्षभरात पुन्हा दुकान गाठणे, हा मात्र सर्वांत महागडा पर्याय ठरेल.