कानबाई रस्त्यावर नाचली तर बिघडलं काय?

भुसावळ-वरणगाव रस्त्यावरचं दीपनगर ही औष्णिक वीज केंद्राची वसाहत. बदलीवर आलेले अभियंते आणि पिढ्यान्‌पिढ्यांची खान्देशी माणसं इथं शेजारी राहतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात कानबाई देवी बसते, रात्रभर जागरण होतं आणि सोमवारी सकाळी बाया तिला डोक्यावर घेऊन नाचत-गात विसर्जनाला निघतात. अशा नोकरदार वस्त्यांमध्ये मग एक आक्षेप हमखास ऐकू येतो: देव घरात पुजावा, रस्त्यावर फुगड्या कशाला? आणि शिकल्यासवरल्या सुनेनं तरी?

हा दिखावा आहे, असं म्हणणाऱ्यांनी मिरवणुकीआधीचे दिवस पाहावेत. नैवेद्याच्या रोटांसाठी माणशी सव्वा मूठ या हिशेबानं गहू आणि हरभऱ्याची डाळ काढतात. दळण नेण्याआधी गिरणी धुऊन घेतात. नोकरीसाठी सुरत, नाशिक, पुण्याला गेलेले भाऊबंद गावी येतात आणि वर्षभर अबोला धरलेले दोन भाऊही रोट खायला एका पंगतीला बसतात. मिरवायचंच असतं तर एवढ्या खटाटोपाची गरज नव्हती.

अडाणीपणाचा शिक्का तर त्याहून पोकळ आहे. महिनाभर ऑफिस सांभाळणारी बाई सोमवारी पदर खोचून फुगडी घालते, तेव्हा तिची पदवी कुठं जात नाही. डोक्यावर देवी असली की मान ताठ धरावी लागते, पण वाटेत ओवाळायला आलेल्या कुणाही बाईसमोर ती थांबते. तिथं हुद्दा विचारला जात नाही.

‘श्रद्धा खासगीच असावी’ हा आक्षेप मात्र वजनदार आहे. त्याला उत्तर खान्देशानंच दिलंय. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवलेले साने गुरुजी भाविक आणि हळवे. त्यांच्या अश्रूंची थट्टा कमी झाली नाही. पण विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी 1 मे 1947 ला पंढरपुरात उपोषण सुरू केलं, ते दहा दिवस चाललं आणि दार उघडलं. सनातन्यांचा रोष त्यांनी अंगावर घेतला, कुणाला शिवी दिली नाही. ती भक्ती देवघरात कोंडून राहिली असती, तर ते दार आणखी किती वर्षं बंद राहिलं असतं!

चारचौघांत आनंद करायचा तर शेजाऱ्याचा विचारही हवा. ध्वनिक्षेपकाला रात्री दहानंतर 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मनाई आहे. डीजे लावून आजारी म्हाताऱ्याची झोप मोडणाऱ्यांची बाजू कुणी घेऊ नये. जागरणाला अहिराणी गाणी आणि टाळ्या पुरतात, पूर्वीही पुरत होत्या.

उरली एक खरी उणीव, जिच्यावर आक्षेपक बोलतच नाहीत. सव्वा मुठीचं हे माप बऱ्याच घरांत फक्त पुरुषांच्या नावानं धरतात. गहू निवडणारी, पुरण वाटणारी, रात्रभर गाणारी बाई मोजदादीत नाही. लेकीसुनांच्या नावाची मूठ त्याच सुपात पडायला हवी, आणि ती टाकायला येत्या श्रावणात कुणाची परवानगी लागणार नाही.