दत्त म्हणजे दिलेला

आज मार्गशीर्ष पौर्णिमा. सूर्यास्ताच्या सुमारास गावोगावच्या दत्तमंदिरांतून पाळणा हलेल, सुंठवडा वाटला जाईल, गुरुचरित्राच्या सप्ताहाची सांगता होईल. आमच्या नेवासे तालुक्यातील भाविकांची पावले प्रवरातीरीच्या देवगडाकडे वळतील, आणि ज्यांना तेथवर जाणे होणार नाही ते सोनईतील आपल्या देवघरातच त्रिमूर्तीपुढे नंदादीप लावतील. उत्सवाचा आनंद तर आहेच. परंतु ज्याचा जन्मोत्सव आपण साजरा करतो त्याच्या नावाचा अर्थ काय, याचाही आजच्या पुण्यदिनी क्षणभर विचार व्हावा.

'दत्त' म्हणजे दिलेला. भागवतकार सांगतात की, महर्षी अत्रींनी अपत्याची इच्छा धरली. भगवंत प्रसन्न झाले आणि त्यांनी स्वतःलाच देऊन टाकले, म्हणून हे नाव. अनसूयामातेच्या पातिव्रत्याचे आख्यान आम्ही कीर्तनकार रंगवून सांगतो, ते योग्यच आहे. पण अत्रींच्या पितृत्वाकडे मात्र आमचे दुर्लक्ष होते. ज्या पुत्रासाठी तप केले तो पुत्र पित्याजवळ राहिला नाही. अवधूत होऊन दाही दिशा हिंडला. अत्रींनी त्याला अडविल्याचे कोठे आढळत नाही. जे दिलेले आहे ते आपल्या मालकीचे नव्हे, हे त्या ऋषीने ओळखले होते.

एकादश स्कंधातील अवधूताच्या चोवीस गुरूंपैकी दोघांचे स्मरण या ठिकाणी होते. एक कपोत. पिलांवरील मोहाने आंधळा झालेला तो पक्षी पिले जाळ्यात सापडताच स्वतःही त्या जाळ्यात पडला. दुसरा मधुकर, तो लहानमोठ्या सर्व फुलांतून सार तेवढे घेतो. पहिला गुरू आपणांस सावध करतो. दुसरा परवानगी देतो, की सार जेथे असेल तेथून घ्यावे. त्याच मधुकरवृत्तीने आज आम्ही एका ख्रिस्ती पित्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हे चरित्र परके नाही. सोनईपासून राहुरी ती किती दूर? वडाळा बहिरोबा तर आमच्याच तालुक्यातील. तेथे एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मिशनचे ठाणे होते, आणि आजूबाजूच्या अनेक गावांतून ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या शेजारी नांदत आहेत. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि राहुरी या दोन गावी ज्यांच्या संसाराची उमेदीची वर्षे गेली, ते कविवर्य रेव्हरंड नारायण वामन टिळक हेच ते पिता. जन्म १८६१ सालचा, कोकणातील करजगावचा. मातेच्या मृत्यूनंतर लहान वयातच त्यांनी घर सोडले. नाशिकास गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृताचे अध्ययन केले. पुराण-कीर्तनाच्या वातावरणात वाढलेल्या या ब्राह्मण कवीने १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला.

येथे आपल्या मनात जो प्रश्न उभा राहतो तो दडपून ठेवण्याचे कारण नाही. पत्नी लक्ष्मीबाई आणि अजाण पुत्र दत्तू यांना दुःखाच्या खाईत लोटून केलेले हे धर्मांतर, यात पितृधर्म कोठे राहिला? प्रश्न रास्त आहे. लक्ष्मीबाईंना चार-पाच वर्षे पतीपासून दूर काढावी लागली. त्यांतला काही काळ त्या पंढरपुरास होत्या. त्या माउलीने सोसलेले हाल वाचून आजही डोळे पाणावतात. एका माणसाच्या निष्ठेची किंमत घरातील दुबळ्यांना द्यावी लागते, हे सत्य कोणत्याही धर्माच्या नावाखाली झाकता येत नाही. आमच्या नेवाशाला तर हे निराळे सांगायला नको. ज्या भूमीवर शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी अवतरली, ती सांगणारे ज्ञानदेव जगाच्या दृष्टीने 'संन्याशाचे पोर' होते. विठ्ठलपंतांच्या पावलाचे प्रायश्चित्त चार कोवळ्या जीवांनी भोगले.

परंतु टिळकांचे चरित्र तेथेच थांबत नाही. पुढे पती-पत्नी पुन्हा एकत्र आली, तेव्हाही लक्ष्मीबाई आपले सोवळे सांभाळून होत्या. टिळकांनी त्यांच्यावर नव्या धर्माची सक्ती केली नाही. १९०० साली राहुरीस लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने, जातिभेद ईश्वराने निर्माण केलेला नाही असे त्यांच्या मनाने घेतल्यावर. त्यांचा निर्णय आपणांस पटो वा न पटो. तो त्यांचा होता, एवढे निश्चित.

रघुवंशात कालिदासाने दिलीप राजाविषयी एक मार्मिक विचार मांडला आहे. प्रजेला विनय म्हणजे सुसंस्कार देणारा, तिचे रक्षण करणारा आणि भरणपोषण करणारा तो राजाच तिचा खरा पिता. बाकीचे जन्मदाते केवळ जन्माला कारण. या तीन कसोट्या टिळकांना लावून पाहाव्यात.

भरणाच्या कसोटीस ते उतरत नाहीत, हे प्रथमच सांगून टाकू. पैसा त्यांच्या हाती टिकत नसे. समोर गरजू दिसला की खिसा रिकामा. संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंनी केली आणि ती हसत हसत लिहूनही ठेवली. रक्षणाचे म्हणाल तर अनाथ-निराधार मुलांना त्यांच्या घरी आसरा असे. बालकवी ठोंबरे नगरास त्यांच्या घरी पुत्रवत राहिले. बालकवी जन्माने हिंदू होते आणि १९१८ साली अकाली मृत्यू येईपर्यंत हिंदूच राहिले. पाद्र्याच्या घरात राहून मुलाने धर्म बदलला नाही आणि पित्याची माया त्यामुळे आटली नाही. धर्मप्रसार हा ज्याच्या पोटापाण्याचा व्यवसाय, त्याच्या हातून हे घडावे यातच त्या वात्सल्याची शुद्धता दिसते.

राहिला विनय. महाराष्ट्र टिळकांना 'फुलामुलांचे कवी' म्हणून ओळखतो. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. ख्रिस्ताला त्यांनी आपल्या पदांतून गुरू आणि माउली म्हणून आळविले. १९१७ साली मिशनचे वेतन सोडून ते संन्यस्त वृत्तीने साताऱ्यास राहिले आणि 'देवाचा दरबार' उभारला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही मज्जाव नव्हता. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले.

ख्रिस्ती मंडळी 'साक्ष देणे' असा शब्दप्रयोग करतात. आपल्या शास्त्रात साक्षी म्हणजे साक्षात् पाहणारा. पाणिनीने हा शब्द याच अर्थी साधला आहे. मग पित्याच्या श्रद्धेचा साक्षी कोण? व्यासपीठावरून स्वतःविषयी सांगणारा पिता नव्हे. घरात चोवीस तास त्याला पाहणारी पत्नी आणि मुले हेच साक्षी. टिळकांच्या पश्चात पुत्र देवदत्त यांनी पित्याच्या चरित्रासाठी आईकडे आठवणी मागितल्या, आणि त्यातून 'स्मृतिचित्रे' हा मराठीचा अलंकार जन्मास आला. तो १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाला. त्यात पतीचा संताप आहे, विसराळूपणा आहे, बेहिशेबी दातृत्व आहे. पुत्राने यांतले काही झाकून ठेवण्याचा आग्रह धरला नाही. ज्याचे दोष घरच्यांनी निर्भयपणे सांगावे आणि तरीही प्रेम उणावू नये, त्या पित्याला याहून मोठे प्रमाणपत्र कोणते?

आणखी एक गोष्ट. 'ख्रिस्तायन' हे काव्य टिळकांनी आरंभिले; दहा-अकरा अध्यायांवर ते थांबले. पुढील चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. १९३६ साली त्याही निवर्तल्या, तेव्हा शेवटचा शहात्तरावा अध्याय देवदत्तांनी लिहिला. १९३८ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. बापाचे अपुरे काम मुलाने आपखुशीने हाती घ्यावे, हे आज्ञेने होत नाही. लक्षात घ्या, त्या पुत्राचे नाव देवदत्त. देवाने दिलेला!

आज घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते : मुले संध्या करीत नाहीत, देवळात येत नाहीत, पुण्या-मुंबईस गेली की उपासतापास विसरतात. तक्रार करणाऱ्या पित्याने स्वतःला विचारावे, की मुलाने मला तन्मय होऊन प्रार्थना करताना कधी पाहिले आहे काय? शब्द दिल्याप्रमाणे वागताना, दारी आलेल्याला जात न विचारता पाणी देताना पाहिले आहे काय? श्रद्धा कानांतून थोडी आणि डोळ्यांतून अधिक उतरते.

आणि मूल आपल्या मालकीचे आहे, या भावनेचा शेवट कोठे होतो, हे या गावाने पाहिले आहे. २०१३ च्या जानेवारीत आमच्या सोनई परिसरात तीन दलित तरुणांचे खून झाले. मुलीच्या प्रेमसंबंधावरून घडलेल्या त्या हत्यांबद्दल २०१८ साली नाशिकच्या न्यायालयाने मुलीच्या नातलगांसह सहा जणांना दोषी ठरविले. घराण्याची अब्रू राखतो म्हणणाऱ्यांनी तीन आयांच्या कुशी उजाड केल्या. त्या कपोताने निदान प्राण दिले ते स्वतःचे. येथे प्राण गेले ते दुसऱ्यांच्या लेकरांचे. दत्तजयंतीच्या दिवशी ही आठवण अमंगल वाटेल. पण जेथे पाळणा हलवायचा तेथे जमीन आधी स्वच्छ करावी लागते.

आपला धर्म सोडावा असे आम्ही कोणास सांगत नाही. उलट तो अधिक खोल धरावा, एवढेच सांगतो. वारकरी विठ्ठलाला माउली म्हणतो आणि बापही म्हणतो. ज्ञानदेवांची नाममुद्राच 'बापरखुमादेवीवरु' अशी आहे. ख्रिस्ती शेजारीही प्रार्थनेत देवाला बापच म्हणतो. ज्याला खरा बाप वर आहे असे वाटते, त्याने खाली बापपणाचा अहंकार कशाला धरावा?

आज सायंकाळी पाळण्याची दोरी हाती घेताना एवढे मनाशी म्हणावे : हे बाळ दिलेले आहे, माझ्या घरातले लेकरूही दिलेलेच आहे. त्याला वाढवीन, सांभाळीन, मार्ग दाखवीन, बांधणार नाही. अत्रींच्या अंगणी जो आला तो आपल्याही अंगणी येवो. श्रीगुरुदेव दत्त!