उपहासाने उत्तर मिळते काय?

विष्णुशास्त्री चिपळूणकर रत्नागिरीचे नव्हेत. तरी त्यांच्यावर आमचा थोडा हक्क आहे. सरकारी नोकरीत बदली होऊन ते इथल्या हायस्कुलात आले आणि 1879 मध्ये त्या नोकरीलाच रामराम ठोकून पुण्यास परतले. 1880 च्या आरंभी न्यू इंग्लिश स्कूल निघाले ते त्यानंतर. आम्ही मराठीचे अध्यापक दरवर्षी हा तपशील अभिमानाने सांगतो आणि ‘निबंधमाले’च्या उपहासशैलीवर एक प्रश्न घालून मोकळे होतो. यंदा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, शास्त्रीबुवांनी लोकहितवादींची टर उडवली हे समजले. पण लोकहितवादींचे म्हणणे खोटे होते का?” वर्गात आम्ही वेळ मारून नेली. इथे तसे करणे बरे नव्हे.

काय होते ते म्हणणे? 1848 पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात गोपाळ हरि देशमुख यांनी ‘लोकहितवादी’ या नावाने शंभरावर पत्रे लिहिली. तेव्हा ते पंचविशीत होते आणि पेशवाई बुडून तीस वर्षे झाली होती. राज्य का गेले, असा त्यांचा प्रश्न होता. उत्तर कडू होते: आपल्या अज्ञानाने, आळसाने, पाठांतरालाच विद्या समजण्याने आणि जातींच्या भिंतींनी गेले. इंग्रजी अंमल त्यांना ईश्वरी योजना वाटला, हे त्यांचे दुबळे स्थान. आम्ही ते झाकू इच्छीत नाही. पण याच पत्रांत त्यांनी हिंदुस्थानसाठी पार्लमेंट मागितले आणि देशी माल वापरण्याचा आग्रहही धरला. भाटाच्या तोंडी या मागण्या शोभत नाहीत.

ही पत्रे छापली जात होती त्या सुमारास, 1850 मध्ये, शास्त्रीबुवा जन्मले. पुढे ‘माले’त त्यांनी या पत्रकारावर जे शस्त्र धरले, त्याची धार आजही वाचताना जाणवते. संताप निराधार नव्हता. जित राष्ट्राला रोज त्याचे दोषच ऐकवीत राहिले, तर ते उठणार कशाच्या बळावर? स्वत्व जागवणे हे मोठेच काम होते, आणि त्याची किंमत त्यांनी नोकरी सोडून मोजली. ‘आमच्या देशाची स्थिती’ हा त्यांचा निबंध पुढे सरकारने जप्त केला, तो उगीच नव्हे.

तरीही मूळ प्रश्न शिल्लक राहतो. सत्ता गेली म्हणून आपल्यात दोष आले, की दोष होते म्हणून सत्ता गेली? पहिले मानले की सारा दोष परक्याचा; दुसरे मानले की झाडू घेऊन स्वतःचेच घर झाडावे लागते. उपहासाने लेखक हास्यास्पद ठरतो, प्रश्न ठरत नाही.

आपल्याकडे मात्र तीच रीत रूढ झाली. घराला आग लागल्याची बोंब कोणी ठोकली, तर आधी त्या बोंबेचे व्याकरण तपासावे. मग बोंबलणाऱ्याने परक्याचे मीठ खाल्ले आहे काय, याची चौकशी करावी. आणि एवढे झाले की आग विझली असे समजून पंगतीला बसावे! देशाचे बळ घटते आहे असे वर्तमानपत्रात लिहिणाऱ्या सदरलेखकाचे आजही याहून वेगळे स्वागत होत नाही. फरक इतकाच, की शास्त्रीबुवांचे मराठी आता कोणापाशी उरलेले नाही.

आम्ही पक्षपाती आहोत, हे कबूल. शैली चिपळूणकरांची घ्यावी आणि प्रश्न लोकहितवादींचा, असा आमचा पक्ष आहे. आजवर विद्यार्थ्यांना आम्ही फक्त शैलीचे गुण दिले, ही आमची चूक. पुढल्या चाचणीत दोघांचे उतारे शेजारी शेजारी छापू आणि एकच विचारू: यांत उत्तर कोणी दिले, आणि कोणी टाळले? त्या विद्यार्थिनीचे आम्ही एवढे देणे लागतो.