रेगेचे धनी कोण?

जमैका हे कॅरिबियन समुद्रातील अवघ्या २८ लाख वस्तीचे बेट. १९६२ साली ते ब्रिटिश अंमलातून मुक्त झाले. त्या स्वातंत्र्याच्या आगेमागे किंग्स्टन शहरातील लहानलहान ध्वनिमुद्रणगृहांनी स्का, रॉकस्टेडी आणि रेगे हे गानप्रकार जगास दिले. २०१८ साली युनेस्कोने रेगेस मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. मान मिळाला, परंतु धन कोणाच्या पदरी पडले, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

गायकाने यावे, गावे व ठरावीक बिदागी घेऊन जावे. ध्वनिमुद्रिकेचे हक्क मात्र निर्मात्याकडे राहावेत, असा तेथला सर्रास परिपाठ होता. कायद्याचा आधारही तोकडाच. ब्रिटनचा १९११ सालचा कायदा तेथे १९९३ पर्यंत चालत राहिला. म्हणजे बॉब मार्ले १९८१ साली निवर्तल्यावर एक तप लोटले, तेव्हा कोठे देशाचा स्वतःचा स्वामित्वहक्क कायदा झाला. जमैकात १९५९ साली जन्मलेली आयलंड रेकॉर्ड्स ही कंपनी तर १९६२ सालीच इंग्लंडला गेली होती. मार्ले यांची कीर्ती तिनेच जगभर नेली, हे नाकारता येत नाही; पण पीक एका देशात आणि खळे दुसऱ्या देशात, अशीच ही व्यवस्था होती.

२०१५ साली तेथील सरकारने हक्कांची मुदत ५० वर्षांवरून ९५ वर्षांवर नेली. हेतू स्तुत्य, परंतु हा कायदा देशाच्या सीमेपुरताच चालतो.  शिवाय हक्क ज्याच्या हाती, वाढीव मुदतीचा लाभही त्यालाच. ज्या गायकाने हक्क केव्हाच विकले, त्याला ५० काय आणि ९५ काय!

आता तबकड्यांची जागा इंटरनेटवरील सेवांनी घेतली आहे. स्पॉटिफाय जमैकात २०२१ साली आली; २०२४ पासून वर्षात १००० वेळा न ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणास ती मोबदला देत नाही. घरचा बाजार लहान असलेल्या नवख्या गायकास हा उंबरठाही उंचच.

तेव्हा मुदत वाढविण्यापेक्षा करार सुधारणे अगत्याचे आहे. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा चित्रपटगृहाबाहेरील वापरावरील मोबदला, वारस व हक्कवसुली संस्था यांवाचून कोणाच्याही नावे करता येणार नाही, असे ठरविले. जमैकाने असाच वाटा गायक-वादकांसाठी राखावा, कोणते गाणे कोणाचे याची चोख नोंद ठेवावी आणि परदेशातील वसुली नेटाने करावी. त्यावाचून वारशाचे प्रमाणपत्र भिंतीवर राहील आणि वारस मात्र रिकाम्या हातांनी उभे असतील.