उतारवयांतील खेळाडू

आपल्या शाळेच्या क्रीडादिनीं पालकांची शर्यत पुकारली, कीं मंडपांत हंशा पिकतो. चाळिशी उलटलेले गृहस्थ "आतां आमचें काय राहिलें?" असें म्हणत मागें सरतात. हे शब्द मुलें ऐकतात, आणि दहावीची परीक्षा होतांच तींहि मैदानास रामराम ठोकतात.

नांदेड-लातूरकडे बर्फ पडत नाहीं. तरी बर्फावरील एका खेळाची हकीकत येथें उपयोगी पडेल. पायांस लांब पट्ट्या बांधून खेळाडू उंच उतारावरून घसरत येतो, ताशीं सुमारें 90 किलोमीटर वेगानें कांठावरून झेप घेतो, व शंभराहून अधिक मीटर अंतर हवेंतून कापून खालीं उतरतो. या खेळांत जपानच्या नोरिआकी कासाई यानें 2014 सालीं सोची येथें, वयाच्या 41व्या वर्षीं, ऑलिंपिकचें रौप्यपदक मिळविलें. 2022 च्या बेजिंग ऑलिंपिकच्या संघांत त्यास स्थान मिळालें नाहीं. तथापि 2024 सालीं, 51 वर्षांचा असतां, तो साप्पोरो येथील विश्वचषक स्पर्धेंत पुन्हां उतरला.

वडीलधाऱ्यांनीं तरुणांची जागा अडवूं नये, असा आक्षेप कोणी घेईल. तो सर्वस्वीं खोटा नाहीं. केवळ पूर्वपुण्याईवर जागा धरून बसणें हा अन्यायच होय. परंतु जो त्याच उतारावरून, त्याच मापानें परीक्षा देतो, तो कोणाचें कांहीं हिरावून घेत नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांतील प्रो. दिनकर बळवंत देवधर यांचेंच उदाहरण घ्या. पुण्यास संस्कृत शिकविणाऱ्या या प्राध्यापकांनीं 48व्या वर्षीं, 1940-41 च्या रणजी सामन्यांत, मुंबईविरुद्ध 246 धांवा केल्या. 1944 सालीं, 52व्या वर्षीं, नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतकें झळकाविलीं. त्यांच्यामुळें तरुण मागें राहिले काय? सांगलीचा ख्रिस्ती तरुण विजय हजारे यानें 1939-40 सालीं त्यांच्याच नेतृत्वाखालीं बडोद्याविरुद्ध नाबाद 316 धांवा काढल्या, व त्या वर्षीं करंडक महाराष्ट्रानें जिंकला. वडील उभे होते, म्हणूनच तरुणास उभें कसें राहावें हें दिसलें.

पौल प्रेषितानें ख्रिस्ती आयुष्यास शर्यतीची उपमा दिली आहे. ती चाळिशीस संपते, असें त्यानें कोठें म्हटलें नाहीं. तेव्हां पालकहो, पुढील क्रीडादिनीं शर्यत पुकारली असतां अवश्य उठा. शेवटचा क्रमांक आला तरी चिंता नाहीं. आणि मुलांनो, त्या वेळीं हंसूं नका, टाळ्या वाजवा.