१ मे : महाराष्ट्र कोणाचा, हे ग्रामसभेत विचारा!

१ मे आला की वडगावच्या तहसील कचेरीपासून मावळातील वाडीवस्तीच्या शाळेपर्यंत झेंडावंदन होते. राज्यगीत म्हटले जाते, पुढाऱ्यांची भाषणे होतात आणि दहाच्या ठोक्याला पटांगण रिकामे होते. मराठी माणसाने आपले राज्य आपल्या हिमतीवर मिळविले त्याचा हा दिवस. तो अभिमानाने साजरा झालाच पाहिजे. परंतु राज्य मिळाले म्हणजे राज्यात वाटा मिळाला असे होत नाही, हे आंबेडकरी समाजाला कोणी सांगावे लागत नाही.

हे राज्य कोणाच्या मेहेरबानीने मिळालेले नाही. त्यासाठी १०६ हुतात्म्यांनी रक्त सांडले. गिरणगावातला कामगार रस्त्यावर उतरला. अण्णाभाऊ साठे यांच्यासारख्या मातंग समाजात जन्मलेल्या शाहिराने आपल्या डफाच्या थापेवर मुंबई जागी केली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, तिच्यात बाबासाहेबांचा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन हा पक्ष होता. १९५७ च्या लोकसभा निवडणुकीत नाशिकमधून कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि आपल्याच पुणे जिल्ह्यातील खेडमधून बाळासाहेब साळुंके निवडून आले. संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासातून ही पाने कोणी गाळीत असेल, तर ती पुन्हा डकवण्याचे काम आपलेच आहे.

परंतु बाबासाहेबांनी या प्रश्नावर केवळ पाठिंबा दिला नाही, इशाराही दिला. १९४८ साली भाषिक प्रांत आयोगापुढे त्यांनी महाराष्ट्राची बाजू मांडली. १९५५ साली भाषिक राज्यांवर लिहिताना मात्र मराठी मुलखाची चार राज्ये करावीत असे त्यांनी सुचविले. भाषिक राज्यात एखादी बहुसंख्य जात सत्ताधारी होते आणि लहान जाती तिच्या दाबाखाली राहतात, ही भीती त्यांनी स्पष्ट शब्दांत मांडली होती. भाषा एक झाली म्हणून माणसे समान होत नाहीत, हा त्याचा अर्थ. राज्य एकसंध झाले, पण इशारा तसाच शिल्लक राहिला. दादासाहेबांना १९५९ साली, म्हणजे महाराष्ट्र निर्मितीच्या उंबरठ्यावर, भूमिहीनांचा सत्याग्रह करावा लागला तो उगीच नव्हे.

मावळ तालुका हा या प्रश्नाचा जिताजागता पुरावा आहे. मुंबईच्या विजेचे आणि पाण्याचे उगम महाराष्ट्रात आहेत, असा मुद्दा मुंबईच्या वादात बाबासाहेबांनी मांडला होता. त्या विजेचा मोठा वाटा लोणावळ्याच्या डोंगरातला. वळवण आणि शिरवत्याच्या तलावांतले पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून १९१५ पासून वीज तयार झाली आणि तिच्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. पाऊस मावळचा, जमीन मावळची, उजेड मुंबईला. पुढे पवना धरण झाले आणि धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न दशकानुदशके रेंगाळला. ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनीच, पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्यास विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर बऊर येथे पोलिसांनी गोळीबार केला. तीन जण ठार झाले. गोळी झाडणारे राज्य मराठी होते, मरणारेही मराठीच होते. मग स्वयंनिर्णय कोणाचा झाला?

संस्कृतीच्या बाबतीतही तेच. मावळची ओळख म्हणून गड-किल्ले सांगितले जातात, ते योग्यच आहे. पण कार्ले, भाजे आणि बेडसे येथील बौद्ध लेणी त्याहून कित्येक शतके जुनी आहेत. कार्ल्याच्या सातवाहनकालीन शिलालेखात आलेले ‘मामाल’ हे नाव म्हणजेच आजचे मावळ, असे अभ्यासक मानतात. त्या लेण्यात दान कोरून ठेवणारे केवळ राजे आणि सावकार नाहीत. धेनुकाकट गावचा एक सुतार आहे, अत्तराचा व्यापार करणारा गांधिक आहे, परदेशातून आलेले यवन आहेत. लेख आहेत ते संस्कृतात नव्हे, लोकांच्या प्राकृतात. महाराष्ट्राची संस्कृती म्हणून काही दाखवायचे असेल तर कष्टकऱ्याचे नाव दगडावर कोरणारी ही संस्कृती आधी दाखवा! याच लोहमार्गावर देहूरोडला बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. दोन हजार वर्षांचा धागा त्यांनी पुन्हा जोडला.

तेव्हा १ मे रोजी करायचे काय? नुसते झेंड्याला वंदन करून घरी यायचे? आमचे म्हणणे असे की, त्या दिवशी ग्रामसभेला बसा. वर्षाकाठी ज्या ग्रामसभा ठरलेल्या आहेत, त्यांत १ मे आहे. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. ती भरली नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन राहत नाही. मग चार माणसे चहा पिता पिता गावाचा निर्णय करतात. आपण गैरहजर राहतो आणि नंतर अन्याय झाला म्हणून ओरडतो. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. ती झाली का, हे आपल्या आयाबहिणींनी विचारावे.

आणि प्रश्न कोणते विचारायचे? गावचे गायरान किती उरले आणि कोणाच्या ताब्यात आहे? बंगले आणि फार्महाऊस यांच्या कुंपणात जुनी पायवाट, पाणवठा, स्मशानभूमी गेली का? कातकरी-ठाकर वस्तीखालची जागा कोणाच्या नावावर आहे? महार वतनाच्या जमिनींचे सातबारे काय सांगतात? १९५८ च्या कायद्याने वतने गेली आणि जमिनी परत मिळाल्या त्या अटीवर. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत, हे दलालाला पक्के ठाऊक असते, वारसाला मात्र नसते. उत्तर मिळेल ते इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी आश्वासनाला सरकारदरबारी किंमत नाही.

लोणावळा शहरात ग्रामसभा नाही. पण १ मे हा कामगार दिनही आहे आणि नेमका त्याच दिवशी लोणावळ्यात सुट्टीचा हंगाम भरात असतो. हॉटेलात भांडी घासणारा, चादरी बदलणारी, चिक्कीच्या दुकानात उभा राहणारा आपलाच माणूस असतो. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली येणाऱ्या ठिकाणी १ मे ही भरपगारी सुट्टी आहे. त्या दिवशी काम करून घेतले तर दुप्पट मजुरी आणि बदली रजा द्यावी लागते. किती जणांना मिळते? संघटनेच्या कार्यकर्त्यांनी जयंतीच्या वर्गणीसाठी जशी दारे ठोठावली, तशीच ही चौकशी करण्यासाठीही ठोठवावीत.

बाबासाहेबांनी आपल्याला मताचा अधिकार दिला तो पाच वर्षांतून एकदा वापरून गप्प बसण्यासाठी नव्हे. १०६ हुतात्म्यांनी मराठी माणसासाठी राज्य मिळवले. त्या राज्यात आपल्या वस्तीचा, आपल्या जमिनीचा आणि आपल्या पाण्याचा निर्णय आपल्या तोंडून झाला पाहिजे. १ मे रोजी ग्रामसभेच्या हजेरीपत्रकावर पहिली सही आपली असू द्या!